तिसऱ्या मजल्याच्या नऊ तारा

४ मार्च, मंगळवार

आज सकाळी सव्वासातला गॅलरीच्या कठड्याचा एक गज ताईच्या हातात आला. ती रोजच्यासारखी गजांवरून बोटं फिरवत फेऱ्या घालत होती. एकतिसावी फेरी चालू होती (ती मोजते). गज बुडातून निसटला, तिच्या बोटांतून सुटला आणि तीन मजले खाली गटाराच्या झाकणावर आदळला. खाली कुणी नव्हतं. असतं तर मी आत्ता ही वही नाही, पोलिसांना जबाब लिहून देत बसले असते.

ताईला उजेड आणि अंधार एवढंच कळतं, सहा वर्षं झाली. ती जागच्या जागी उभी राहून म्हणाली, "चिमे, कठड्याचा एक दात पडला बघ." मी पंचावन्न वर्षांची आहे, तरी तिची चिमीच. मला हसू आलं नाही.

नंतर एकेक गज हलवून पाहिला. वरचा पाइप आणि सहा खांब ठणठणीत आहेत. मधल्या बासष्ट गजांपैकी एकोणतीस डुगडुगतात. बुडं गंजून पापुद्रे निघालेत.

ही वही कारखान्यातली, मापांची. जानेवारीत कारखाना बंद झाला तेव्हा कटिंग टेबलावरून मी दोनच गोष्टी उचलल्या, माझी कात्री आणि ही वही. बत्तीस वर्षं शाळांचे गणवेश कापले. छाती-कंबर-उंचीच्या रकान्यांत आता हे असलं लिहायचं.

५ मार्च, बुधवार

सेक्रेटरी येऊन गेले. नळ गळतोय म्हणा, दिवा गेलाय म्हणा, त्यांचं उत्तर एकच, "बघू या." अख्खी इमारत त्यांना पाठीमागे बघूया म्हणते. लेटरबॉक्सवर त्यांचं खरं नाव आहे, ते फक्त पोस्टमन वाचतो.

बघूयांनी बघितलं. मग लाल-पांढरी पट्टी बांधली आणि पाटी लावली. गॅलरीच्या वापरास मनाई, पडल्यास इमारत समिती जबाबदार नाही.

"अहो, आमचं दार गॅलरीतच उघडतं."

"भिंतीला धरून जिन्यापर्यंत जायचं. तेवढ्यापुरती परवानगी."

"आणि हिचं फिरणं?"

"घरातल्या घरात फिरायचं."

"घर बघितलंय ना आमचं? कपाटाला वळसा घातला की संपलं."

"बघू या," म्हणाले आणि गेले.

ताई आतून सगळं ऐकत होती. दुपारी मी तिची औषधं आणायला गेले, तासाभराने परत आले तर ती खुर्चीत बसून घाम पुसत होती. छाती वरखाली होत होती. माणसाला असं कोंडल्यावर दुसरं काय होणार? माझंच डोकं भणाणलं.

७ मार्च, शुक्रवार

लेखी अर्ज दिला. उत्तर तोंडी मिळालं. सगळ्या इमारतीचं काम एकदम काढायचं आहे, कंत्राटदार ठरायचा आहे, समितीची बैठक मे महिन्यात. मग बघू या.

मे! ताईने तोपर्यंत कपाटाशी बोलत बसायचं?

तळमजल्यावरच्या गॅरेजातल्या वेल्डरला विचारलं. म्हणाला, नवे गज जोडून देतो, पण वेल्डिंगला समितीची लेखी परवानगी लागते, ठिणग्या उडतात. मी निघाले, तेवढ्यात त्याने मागून हाक मारली. "बाई, वायर रोप ओढा. बोटीवर असतो बघा, तसा. खांबांना भोकं पाडायची, आडव्या तारा ओवायच्या, भिंतीत कड्या मारून ताणायच्या. आग नाही, ठिणगी नाही. परवानगी कशाची मागतील?"

"ते करतं कोण?"

"कुणीही. हात मजबूत पाहिजे."

मी माझा हात बघितला. जाड कापडाच्या बारा-बारा थरांतून या हाताने कात्री चालवली आहे.

१० मार्च, सोमवार

दोरखंडाच्या दुकानात गेले. दुकानदार उंच, मिशाळ, बोलणं तुटक. मी मनात त्यांचं नाव दोरवाले ठेवलं.

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"लावणार कोण?"

"मी."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. गिऱ्हाइकाचं माप घेताना मीही तसंच बघायची, म्हणून राग आला नाही. मग त्यांनी टेबलावर अवजार ठेवलं. क्रिंपर. दोन हात लांब दोन दांडे, टोकाला छोटासा जबडा आणि जबड्यात वेगवेगळ्या मापांच्या चार खाचा. तारेचं टोक तांब्याच्या छोट्या नळीतून ओवायचं, तिला फेरूल म्हणतात. मग ते वळवून त्याच नळीतून परत आणायचं, म्हणजे फास तयार होतो. फासाच्या आत पन्हळीसारखी कडी बसवायची, तार घासू नये म्हणून. तिला म्हणतात थिंबल. मी म्हटलं, आमच्याकडे शिवताना बोटात घालतात ते अंगुस्तान, त्यालाही इंग्रजीत थिंबलच म्हणतात. ते म्हणाले, "मग अर्धं काम आलंच तुम्हाला." थट्टा होती.

शेवटी फेरूल जबड्यात धरून दांडे मिटायचे. एवढंच.

एवढंच म्हणता म्हणता पहिली फेरूल वाकडी झाली, दुसरी चिरली. तिसरी छान दिसली. त्यांनी पत्र्याचा एक तुकडा काढला, कडेला खाच असलेला. त्याला गेज म्हणतात. फेरूल खाचेत गेली तर पुरेशी दबली, नाही गेली तर नाही. माझी गेली नाही.

"दिसायला तर चांगली आहे," मी म्हटलं.

"दिसण्यावर कोण टेकणार आहे?"

ते क्रिंपर विकायला तयार नाहीत, भाड्याने द्यायलाही नाहीत. अट घातली, त्यांच्यासमोर सलग दहा फेरूल गेजमधून गेल्या पाहिजेत. एक चुकली की पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, उद्या येते.

११ मार्च, मंगळवार

सलग तीन. चौथी चुकली. दंड भरून आलेत, पेन धरवत नाही.

घरी आले तर ताईच्या चपलांना लाल माती. मी सकाळी केर नीट काढला नसणार. लक्षच नाही माझं कशात.

१३ मार्च, गुरुवार

सलग सात झाल्या. मी मनात खूश. दोरवाल्यांनी सातवा फास छताच्या हुकाला अडकवला आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला वाळूची दोन पोती टांगली. क्षणभर पोती लटकली. मग साबण ओल्या हातातून निसटावा तशी तार फेरूलमधून सुटली आणि पोती धाडकन खाली. दुकानभर वाळू.

"गेजमधून गेली होती की!" मी ओरडलेच.

"गेली. पण टोक बघा कुठं होतं. नळीच्या आतच राहिलं होतं. दाबल्यावर फेरूल लांब होते, टोक आणखी आत जातं, मग पकडणार कशाला?" त्यांनी झाडू माझ्या हातात दिला. "याच्यावर माणूस टेकला असता, बाई."

मी वाळू झाडली. निघताना सांगितलं, "उद्या आठ वाजता येते." ते म्हणाले, दुकान नऊला उघडतं. मी म्हटलं, मग आठपासून पायरीवर बसते.

येताना शेजारच्या नर्सबाई जिन्यात भेटल्या, ड्यूटीवर निघाल्या होत्या. "ताईंचा चेहरा किती टवटवीत दिसतोय हल्ली, मावशी." कुठे बघितलंत म्हटलं, तर "अं… दारात" म्हणून भराभर उतरून गेल्या. टवटवीत कसला, ऊन लागून लाल झालाय. दारातल्या खुर्चीवर तिरपं ऊन येतं. उद्या खुर्ची आत ओढायला हवी.

ताई मात्र एकदाही कुरकुरली नाही. फिरायला मिळत नाही म्हणून चकार शब्द नाही. बिचारी मन मारून बसते. त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

१५ मार्च, शनिवार

दहा!

गुपित हातात नव्हतंच. एक दांडा टेबलावर टेकवायचा आणि दुसऱ्यावर आपलं सगळं वजन हळूहळू सोडायचं. मनगटाने नाही, खांद्याने आणि पाठीने. आधी मध्ये दाबायचं, मग दोन्ही कडांना. टोक नळीच्या बाहेर करंगळीच्या नखाएवढं ठेवायचं. तार तोडायच्या आधी टेप गुंडाळायची, म्हणजे टोक पिंजत नाही. हे आम्ही कापडालाही करतो, वेगळ्या तऱ्हेने.

दहावी गेजमधून गेली तसे दोरवाले उठले. आतून क्रिंपर आणला, जबड्याला तेल लावलं, कागदात बांधून दिला. "काम झालं की आणा. भाडं नको, अवजार नीट परत द्या." दारापर्यंत आले आणि म्हणाले, "चार दिवस कुणी टिकत नाही इथं."

१६ मार्च, रविवार

टेबलावर अठरा फेरूल, अठरा थिंबल. नऊ तारा, प्रत्येकीला दोन टोकं. आज एकेका बाजूचे नऊ फास करून ठेवले. दुसरं टोक खांबांतून ओवल्यावरच करता येतं.

ताई शेजारी बसली होती. झालेला फास हातात घेऊन चाचपायची आणि ठेवून द्यायची. सहावा तिने ठेवला नाही.

"ही फेरूल मधोमध फुगीर आहे."

"नाहीये गं. मी बघितली."

"बघितलीस ना, तिथंच चुकलं. गेज लाव."

लावला. आत जाईना. मी एक दाब कमी दिला होता. त्यानंतर प्रत्येक फास आधी ताईच्या बोटांखाली आणि मग गेजखाली. दोघांचं एकदाही दुमत झालं नाही.

ताई पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. आज तिथले किस्से सांगत होती. मध्येच म्हणाली, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने नवा रेडिओ घेतलाय, खरखर नाही आता. तिसऱ्या मजल्यावरून ऐकू येतं हिला! डोळे गेले की कान असे तीक्ष्ण होतात म्हणतात.

१८ मार्च, मंगळवार

वेल्डर ड्रिल घेऊन आला. सहा खांब, प्रत्येकाला नऊ भोकं. दुपारपर्यंत चोपन्न भोकं पाडली आणि दोन्हीकडच्या भिंतीत कडीचे बोल्ट बसवले. आवाजाने बघूया धावत आले.

"मॅडम, हे काय चाललंय?"

"कठडा दुरुस्त करतेय."

"समितीचा निर्णय व्हायचाय! मे महिन्यात बघू या म्हटलं होतं ना मी?"

"तुम्ही बघत बसा. मी लावते."

वेल्डरने ड्रिल चालू केलं, त्यामुळे पुढचं मला ऐकू आलं नाही. त्यांचं तोंड मात्र बराच वेळ हलत होतं.

२० मार्च, गुरुवार

नोटीस आली. विनापरवाना बदल, इमारतीच्या दर्शनी भागाच्या सौंदर्यास बाधा, तीन दिवसांत पूर्ववत करावे. पूर्ववत म्हणजे काय? गज पुन्हा गंजवायचे?

नोटिशीच्या मागच्या कोऱ्या बाजूला उत्तर लिहिलं. "सौंदर्यास बाधा झाल्याबद्दल खेद आहे. तारा रविवारी बसतील." जाऊन त्यांच्या दाराखालून सरकवलं.

हा राग आहे की भीती, कळत नाही. खरं सांगायचं तर भीतीच असावी. एखादा फास सुटला तर? सेक्रेटरी नव्हे, मी जबाबदार. बत्तीस वर्षांत चुकीचं कापलं तर फार तर एखादी पँट तोकडी झाली.

२३ मार्च, रविवार

बसल्या. नऊच्या नऊ.

नर्सबाईंची सुट्टी होती, त्यांनी तार धरली. मी खांबांतून ओवत गेले. जिन्याकडच्या भिंतीशी ताण द्यायचा स्क्रू, त्याला टर्नबकल म्हणतात. त्याच्या कडीतून तार वळवायची, फेरूल, थिंबल आणि क्रिंपर. तिथे टेबल नाही, म्हणून एक दांडा जमिनीवर टेकवून दुसऱ्यावर मी अक्षरशः झोपले. नर्सबाई म्हणाल्या, पेशंटची छाती दाबतात तसं दिसतंय. मग टर्नबकल पिळला की तार ताठ होत जाते. आधी सैल बदबद वाजते, मग खणखणते.

सगळे मोडके गज कापून काढले आणि दाराशी रचून ठेवले. ताईला बाहेर आणलं. तिने नऊ तारा वरून खाली एकेक चाचपल्या. मग पाठ लावून तारांवर टेकली. सगळं वजन टाकून. तारा जरा वाकल्या आणि थांबल्या.

"ताई, पुरे!"

"तुझा भरवसा नाही का तुझ्यावर?" म्हणाली. आणि शंभर फेऱ्या मारल्या. अठरा दिवसांनी फिरत होती, पण तिला दम लागला नाही. मला वाटलं होतं पाय आखडले असतील.

२५ मार्च, मंगळवार

लिहायचं नव्हतं, पण लिहिल्याशिवाय डोकं शांत होणार नाही.

सकाळी दार उघडलं तर सर्वांत वरची तार तुटून लोंबत होती. तोडलेली. खाली वॉचमनला गाठलं. तो मान खाली घालून म्हणाला, साहेबांनी सगळ्या तोडायला सांगितल्या होत्या, पण पहिल्याच तारेला पक्कडीचा दात उडाला. मी पक्कड बघायला मागितली. खरंच उडाला होता. एवढ्या संतापातही मला तारेचा अभिमान वाटला.

नवी तार आणायला निघाले. अर्ध्या रस्त्यात आठवलं, लांबीचं माप घरीच राहिलं. परत फिरले. दाराला बाहेरून कडी. आत ताई नाही. तिची काठी नाही.

जिने कसे उतरले मला माहीत नाही. इस्त्रीवाल्याच्या टपरीशी चार माणसं खोखो हसत होती. मधोमध बाकावर ताई, हातात चहाचा पेला. रात्रपाळीला एक माणूस रोज चुकीच्या नंबरवर आपल्या बायकोची माफी कसा मागायचा, तो किस्सा रंगात आला होता.

मी तिचा दंड धरला आणि उठवलं. सगळ्यांसमोर. तशीच वर आणली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पाटी लागली त्या दिवसापासून. तू औषधं आणायला गेलीस तेव्हा. एवढा राग आला की काठी घेतली आणि उतरले. चोपन्न पायऱ्या आहेत. पहिल्या दिवशी उतरून-चढून पाऊण तास लागला, अंग घामाने भिजलं."

"पडली असतीस म्हणजे?"

"पडले नाही."

"आणि सगळ्यांना ठाऊक होतं? नर्सबाईंना?"

"मीच सांगू नका म्हटलं होतं. तू जाऊ दिलं नसतंस."

"मी तुझ्यासाठी तिथं हातांची सालटं काढत होते, ताई! तू कोंडली गेलीस म्हणून!"

"मला ठाऊक आहे गं." तिचा आवाज खाली आला. "पण सहा वर्षांत एकदा तरी विचारलंस, ताई, तुला कुठं जायचंय? तू विचारतेस, ताई, औषध घेतलंस का."

मी आत जाऊन पडले. तिचं माझ्याशिवाय चालतं हे कळल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. तो का झाला नाही, मला सांगता येत नाही.

२६ मार्च, बुधवार

तार लोंबतेय. लोंबू दे. क्रिंपर परत देऊन टाकणार.

बघूया बघून गेले. "सुरुवात झालीच आहे, तर बाकीच्या आठ तुम्हीच काढा," म्हणाले. मी दार लावून घेतलं.

२७ मार्च, गुरुवार

सकाळी अंथरुणातच होते. बाहेरच्या खोलीत कट्ट आवाज आला. मग धापा टाकण्याचा. मग पुन्हा कट्ट.

जाऊन बघते तर ताई टेबलाशी उभी. एक दांडा टेबलावर टेकवलेला, दुसऱ्यावर ती वाकलेली, केस सुटून तोंडावर आलेले. मी लपवलेली फेरूलची पिशवी तिने शोधून काढली होती. शेजारी एक चिरडलेली फेरूल पडली होती.

"ती बिघडली," म्हणाली. "खाच चुकली. तिसरी खाच ना? मोजली आता."

"ताई, बोट सापडेल जबड्यात."

"माझं बोट कुठंय ते मला तुझ्यापेक्षा चांगलं कळतं. तार आण. मापाची. तीन दिवस रुसून झालं तुझं?"

दोनच झाले होते. मी वाद घातला नाही. दोरवाल्यांकडे जाऊन तार आणली. तिने टोक ओवलं, वळवलं, परत आणलं, थिंबल बसवलं, टोक नखाने मोजलं. मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले. इतकं अवघड काम मी आजवर केलं नव्हतं. तिने मध्ये दाबलं, मग दोन्ही कडांना.

गेज फिरवून फिरवून लावला. चारही बाजूंनी बसला.

दुपारी वरची तार पुन्हा ताणली. वॉचमन आपणहून येऊन तार धरून उभा राहिला. मी त्याला काही विचारलं नाही.

३१ मार्च, सोमवार

बघूयांनी महापालिकेत तक्रार केली होती, त्यामुळे आज इन्स्पेक्टरबाई आल्या. पस्तिशीच्या असतील, डोक्यावर हेल्मेट, हातात कागद लावलेलं पॅड. बघूया पुढे पुढे.

"विनापरवाना आहे सगळं. आणि लावणारी कोण, तर कपडे कापणारी!"

"कोण?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हटलं. "सतरा टोकं माझी. एक हिचं."

त्यांनी ताईकडे बघितलं, ताईच्या काठीकडे बघितलं. स्वतःच्या खिशातून गेज काढला आणि वाकून, गुडघ्यावर बसून, अठराही फेरूल तपासल्या. अर्धा तास गेला. मग दोन तारांमध्ये मूठ घालून अंतर बघितलं, तारांवर पाय रोवून रेटलं.

"फेरूल सगळ्या बरोबर आहेत." मग भिंतीकडे वळल्या. "ही कडी मात्र बरोबर नाही. जिन्याकडची वरून दुसरी. बोल्ट नुसत्या गिलाव्यात धरलाय, वर्षभरात निघेल. भिंतीतून आरपार न्या, पलीकडून पट्टी लावा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फेरूलच्या नादात मी भिंतीकडे बघितलंच नव्हतं. "उद्या करते," एवढंच म्हटलं.

"म्हणजे काढूनच टाकायचं ना हे?" बघूया उत्साहाने म्हणाले.

इन्स्पेक्टरबाई जिना उतरून दुसऱ्या मजल्यावर गेल्या. आम्ही सगळे मागे. त्यांनी तिथला पहिला गज धरून हलवला, मग दुसरा. तिसरा त्यांच्या हातात आला.

तो त्यांनी बघूयांच्या हातात दिला. "इथे पाटी का नाही?"

बघूयांनी तोंड उघडलं. ते काय म्हणणार होते ते सगळ्यांना माहीत होतं. पण ते म्हणाले नाहीत.

दोन्ही खालचे कठडे पंधरा दिवसांत दुरुस्त करण्याचा लेखी आदेश झाला. आमच्या तारा राहतील, कडी बदलायच्या अटीवर.

२ एप्रिल, बुधवार

कडी काल बदलली. बोल्ट आरपार, पलीकडून पट्टी.

आज समितीची तातडीची बैठक. मेपर्यंत थांबली नाही ती! बघूयांनी माझ्यापुढे एक कागद सरकवला. "सदर तारांमुळे अपघात झाल्यास मी व्यक्तिशः जबाबदार राहीन." त्यांना वाटत होतं मी कचरेन. मलाही तसंच वाटत होतं. सुटलेल्या पोत्यांचा आवाज कानात घुमला. अठरा टोकं एकेक डोळ्यांपुढून गेली.

सही केली.

"मीही करते," ताई म्हणाली. "एक टोक माझं आहे."

"त्यांना दिसत नाही, त्यांची सही कशी चालेल?"

"कुठं करायची तेवढं बोट धरून दाखवा. बाकीचं मला येतं."

नर्सबाईंनी बोट धरलं. सही आमच्या सगळ्यांपेक्षा वळणदार आली.

मग मी म्हटलं, "आता खालच्या दोन मजल्यांचा असाच कागद काढा. तिथं गज पडून कुणाला लागलं तर व्यक्तिशः जबाबदार कोण? सेक्रेटरी, तुमची सही."

ते कागदाकडे बघत राहिले. "बघू…" म्हणाले, आणि "या" अख्ख्या खोलीने म्हटलं. हशा झाला. त्यांनाही हसावं लागलं. कागद निघाला नाही. पण खालचे कठडे तारांचे करायचे आणि ते काम मी करायचं, असा ठराव झाला. सामान समितीचं.

दोरवाल्यांना निरोप दिला, क्रिंपर आणखी महिनाभर लागेल.

५ एप्रिल, शनिवार

दुसऱ्या मजल्यावर आज पाचवी तार. ऊन चढायच्या आत सुरू केलं.

मी जिन्याशी गुडघ्यावर बसलेले. फेरूल जबड्यात, एक दांडा जमिनीवर, दुसरा अर्धा मिटलेला, माझं सगळं वजन त्यावर. वरून काठीचा आवाज आला. टक, टक, टक. ताई. अंगावर बाहेर जायची साडी, खांद्याला पिशवी.

"कुठं गं?"

"बसने जातेय. एक्स्चेंजमधली मैत्रीण राहते ना नदीपलीकडे, तिच्याकडे."

"नदीपलीकडे? एकटी? अगं, रस्ता ओलांडायचाय, बस बदलायचीय…"

"विचारेन कुणाला तरी. तोंड आहे मला." आणि ती माझ्या बाजूने खाली गेली.

मी उठणारच होते. पण दाब अर्ध्यावर होता. आत्ता सोडला असता तर फेरूल जबड्यात हलली असती, वाकडी दबली असती, तार पुन्हा तोडावी लागली असती. मी सोडलं नाही. मी खाली रेटत राहिले, टक टक ऐकत राहिले, रेटत राहिले. दांडे मिटले. कट्ट. मग एक कड. मग दुसरी कड. मग गेज.

बसला.

मग कठड्याशी उभी राहिले. रस्त्याच्या पलीकडे थांब्यावर ताई उभी होती, पाठ ताठ, काठी पुढे, आणि एका अनोळखी बाईला काहीतरी विचारत होती. बस आली. बाईने तिला चढवायला हात पुढे केला. ताईने तो घेतला नाही. दांडी चाचपली, पकडली आणि चढली.

मी हाक मारली नाही. सहावी तार ओवायला घेतली.